पत्ता तपासायचा कुणी?

चेन्नईला नव्याने आलेल्या मराठी माणसाला इथल्या दारांवरच्या पाट्या काही दिवस गोंधळात टाकतात. एकाच घराला दोन क्रमांक असतात, एक जुना आणि एक नवा. महापालिकेने रस्त्यांना नव्याने क्रमांक दिले. पण जुना क्रमांक पोस्टमनच्या, शेजाऱ्यांच्या आणि खरेदीखतांच्या स्मरणातून गेला नाही, म्हणून दोन्ही लिहिण्याची रीत पडली. 'जुना क्र. १४, नवा क्र. ३१' असे लिहिले की पत्र बिनचूक पोचते. नुसते '१४' लिहिले तर ते दुसऱ्याच घरी जाऊ शकते, कारण त्याच रस्त्यावर एकाचा जुना चौदा आणि दुसऱ्याचा नवा चौदा असू शकतो. दोन्ही क्रमांक खरेच असतात. तपासणाऱ्याने 'या रस्त्यावर १४ क्रमांक आहे काय' एवढेच पाहिले, तर त्याला चूक कधीच सापडणार नाही.

या लेखाचा विषय मात्र घराचा पत्ता हा नसून संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, आणि तो तपासताना कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये राहून गेलेले दोष, हा आहे. प्रशासनविषयक लेखांत असा तांत्रिक विषय पाहून काही वाचक दचकतील. परंतु लिनक्सच्या कर्नलमध्ये हे दोष गेल्या वीस वर्षांत ज्या रीतीने एकेक करून दुरुस्त होत गेले, ती हकिगत मला सरकारी कामकाजाच्या दृष्टीने अनेक परिपत्रकांपेक्षा अधिक उपयोगाची वाटते. शिवाय याच चेन्नईत सरकारी संगणकांवर मुक्त प्रणाली आणण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा आणि या क्षुल्लक दिसणाऱ्या दोषांचा जवळचा संबंध आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. संगणकाला तारेच्या जाळ्याशी जोडणाऱ्या प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक पत्ता दिलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. तो ४८ बिटांचा, म्हणजे सहा बाइटांचा असतो. पहिले तीन बाइट आयईईई ही संस्था उत्पादकाला नेमून देते. उरलेले तीन उत्पादक आपल्या अनुक्रमाने भरतो. अशा एका संचात १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मावतात. पहिल्या बाइटमधील दोन बिटांना विशेष अर्थ आहे. सर्वांत खालचा बिट १ असेल तर तो पत्ता एका यंत्राचा नसून यंत्रांच्या गटाचा आहे असे समजायचे. त्याच्या शेजारचा बिट १ असेल तर तो पत्ता उत्पादकाने दिलेला नसून स्थानिक पातळीवर कुणीतरी ठरवलेला आहे असे समजायचे.

यावरून तपासणीचा नियम अगदी सोपा निघतो. कार्डाचा स्वतःचा पत्ता सर्व शून्यांचा असता कामा नये आणि तो गटाचा पत्ता असता कामा नये. लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी एक चिमुकले फलन आहे. त्याच्या नावाचाच अर्थ 'हा ईथरनेट पत्ता वैध आहे काय' असा होतो. आपल्या पिनकोडची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी, संस्कृतचे कवीही. त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. तिच्यातही पहिला अंक शून्य कधीच नसतो, आणि तो अंक पाहून पत्र देशाच्या कोणत्या विभागातले ते कळते. चेन्नईचे सारे पिन ६०० ने सुरू होतात. मात्र पिनकोडमध्ये काय किंवा मॅक पत्त्यामध्ये काय, आधार क्रमांकाच्या शेवटी असतो तसा पडताळणीचा अंक नाही. एक अंक चुकला तर जे निर्माण होते तेही बहुधा वैधच दिसते. ही मर्यादा पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

इतका सोपा नियम असूनही दोष राहिले, ते का? कारण नियम एका ठिकाणी लिहिलेला होता आणि त्याची अंमलबजावणी शेकडो ड्रायव्हरांवर सोपवलेली होती. प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर वेगळा, लिहिणारा वेगळा, लिहिण्याचा काळ वेगळा. काहींनी पत्ता तपासला. काहींनी वापरकर्त्याने दिलेला पत्ता न पाहताच कार्डात उतरवला. काहींनी तपासला, पण नापास झाल्यावर 'मागितलेला पत्ता देता येत नाही' असे नेमके सांगण्याऐवजी 'अवैध मूल्य' एवढाच मोघम संकेत परत पाठवला. आपल्याकडे 'अर्ज अपूर्ण' असा शेरा मारून फाइल परत पाठवतात, त्यातलाच हा प्रकार. काय अपूर्ण आहे हे शोधण्याचे काम अर्जदाराचे.

आणि न तपासता घेतलेल्या पत्त्याचे परिणाम कुणाला दिसतात? ड्रायव्हर लिहिणाऱ्याला नाहीत. यंत्र सुरू होते, कार्डावरचा हिरवा दिवा लागतो, प्रणाली 'जोडणी आहे' असे सांगते. पण गटाचा पत्ता प्रेषक म्हणून लावलेली पाकिटे स्विच पुढे जाऊ देत नाही. वापरकर्ता तार बदलतो, भिंतीतले सॉकेट बदलतो, शेवटी संगणकच बदला म्हणतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य परिणाम झाला: चूक एकाने करायची आणि तिचा खर्च दुसऱ्याने सोसायचा. गिडो कॅलाब्रेसी यांनी अपघातांच्या खर्चावरील आपल्या १९७० च्या ग्रंथात असे मांडले होते, की जो सर्वांत कमी खर्चात अपघात टाळू शकतो त्याच्यावर जबाबदारी टाकावी. ड्रायव्हरमध्ये दोन ओळी लिहिण्याचा खर्च आणि हजारो कार्यालयांत तारा बदलण्याचा खर्च यांची तुलना करायला मोठे गणित लागत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. एनव्हिडिया कंपनीच्या एनफोर्स नावाच्या चिपा २००० नंतरच्या दशकात अनेक मदरबोर्डांवर असत, आणि नेटवर्क कार्ड त्यांच्यातच समाविष्ट असे. त्यांची तांत्रिक माहिती मुक्त प्रणालीवाल्यांना उपलब्ध नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी उलट दिशेने अभ्यास करून तिचे टिपण तयार केले. कार्ल-डॅनियल हेलफिंगर आणि अँड्र्यू डी क्विन्सी यांनी हे टिपण केले. त्यावरून लिहिलेल्या ड्रायव्हरवर मॅनफ्रेड स्प्राउल यांचे नाव आहे. या ड्रायव्हरचे नाव फोर्सडेथ. त्याच्या आज्ञावलीतील टिपा वाचताना जुन्या, अनुभवी कारकुनाने फाइलच्या समासात लिहिलेले शेरे वाचल्याचा भास होतो.

या चिपांच्या आरंभीच्या पिढ्यांत मॅक पत्ता उलट्या क्रमाने साठवलेला असे, शेवटचा बाइट आधी आणि पहिला शेवटी. ड्रायव्हर तो वाचून सरळ करी. पुढच्या चिपांत क्रम सरळ झाला, म्हणजे आता ड्रायव्हरने तो उलटवला तर चूक! म्हणून कोणत्या चिपेत क्रम सरळ आहे याची खूण तक्त्यात ठेवावी लागली. त्यातही एक गुंता होता. ड्रायव्हरने एकदा पत्ता सरळ करून कार्डात लिहिला, आणि मग यंत्र पूर्ण बंद न करता ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, तर नव्याने आलेला ड्रायव्हर सरळ पत्त्याला उलटा समजून पुन्हा उलटवणार. यावर उपाय असा केला, की पत्ता सरळ केल्याची खूण कार्डातच एका बिटाने ठेवायची. आणि जाताना ड्रायव्हरने मूळचा उलटा पत्ताच परत लिहून जायचे, नाहीतर पुढच्याला चुकीचा पत्ता दिसेल. तशी टीप तिथे स्पष्ट लिहिलेली आहे. बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याने कार्यभार सोपवताना काय लिहून ठेवावे, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे जाणारा आपल्या सोयीची व्यवस्था लावून जातो, आणि येणारा ती मूळची समजून तिच्यावर दुसरी लावतो.

अशा ठिकाणी वैधतेची तपासणी कितपत उपयोगी पडते? याचे उत्तर निम्मी, असे आहे. पत्ता उलटला की शेवटचा बाइट पहिला होतो. तो बाइट विषम असेल तर खालचा बिट १ ठरतो, पत्ता गटाचा दिसतो आणि तपासणीत अडकतो. तो सम असेल तर उलटा पत्ताही बिनबोभाट उत्तीर्ण होतो. उत्पादक पत्ते अनुक्रमाने देतो. म्हणजे एकाच खेपेत लागोपाठ क्रमांकांची चाळीस यंत्रे आली, तर वीस अडकतील आणि वीस खोट्या पत्त्यावर सुखाने चालू लागतील. त्या वीस यंत्रांची तक्रार येईल ती निराळ्याच दिशेने. अनेक सरकारी कार्यालयांत प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता नोंदवहीत घेऊन त्याच्याशी जाळ्यातील क्रमांक बांधून टाकतात. नोंद होते ती खोक्यावर छापलेल्या पत्त्यावरून. यंत्र सांगते निराळाच पत्ता. जाळ्याचा व्यवस्थापक म्हणतो, हे यंत्र आमच्या यादीत नाही. म्हणजे पत्ता वैध असूनही खरा नाही. वैधता तपासणे आणि सत्यता तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली पार पडली की दुसरीही झाली असे मानण्याची सवय फार खोलवर रुजलेली आहे.

त्याच ड्रायव्हरमध्ये आणखी एक टीप आहे. किमान एका बायोसने कार्डाचा पत्ता ०१, २३, ४५, ६७, ८९, एबी असा घातलेला आढळला, असे ती सांगते. म्हणजे कारखान्यात कुणीतरी नमुना म्हणून भरलेली अक्षरे तशीच ग्राहकापर्यंत आली. आपल्या शासकीय अर्जांच्या नमुन्यांतला 'श्री. अबक' तसाच छापून आलेला मी पाहिला आहे, त्यामुळे मला यात नवल वाटले नाही. गंमत म्हणजे हा पत्ता सरळ वाचला तरी गटाचा ठरतो आणि उलट वाचला तरी गटाचाच, कारण ०१ आणि एबी हे दोन्ही बाइट विषम आहेत. तेव्हा निदान ही चूक तरी तपासणीतून सुटत नाही.

असा अवैध पत्ता सापडल्यावर फोर्सडेथ काय करतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तो नोंदवहीत लिहितो, की अवैध पत्ता आढळला, आपल्या हार्डवेअरच्या विक्रेत्याकडे तक्रार करा. मग तो स्वतःच एक यादृच्छिक पत्ता तयार करतो, तो वापरून कार्ड चालू करतो, आणि कोणता पत्ता वापरला तेही लिहून ठेवतो. दार बंद केले नाही, खोटेही चालवून घेतले नाही, आणि चुकीचा उगम कुठे आहे हे नाव घेऊन सांगितले.

याच्या अगदी विरुद्ध वागणूक इंटेलच्या कार्डांच्या ई१०००ई या ड्रायव्हरची होती. या कार्डांच्या स्मृतीत पत्ता आणि इतर मांडणी असते, आणि तिच्या पहिल्या ६४ शब्दांची बेरीज ठरावीक संख्येइतकी यावी लागते. ती संख्या सोळाच्या पटीतील अंकपद्धतीत लिहिली की बी, ए, बी, ए अशी अक्षरे येतात. आपल्या भाषेत चक्क 'बाबा'. बेरीज जुळली नाही तर ड्रायव्हर कार्ड सुरू करण्यास साफ नकार देतो. सप्टेंबर २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी सुरू असताना अनेकांच्या कार्डांतील ही स्मृतीच पुसली जाऊ लागली. पत्ता गेला, बेरीज गेली, आणि ड्रायव्हर कार्डाला हातही लावीना, त्यामुळे दुरुस्ती आणखी कठीण झाली. पहिला संशय साहजिकच या ड्रायव्हरवर गेला. प्रत्यक्षात दोषी निघाली ती कर्नलमधील अंतर्गत हालचालींचा माग काढणारी, नव्याने आलेली सोय. ती आपली समजून भलत्याच जागी लिहीत होती. ऑक्टोबरमध्ये २.६.२७ प्रसिद्ध झाले तेव्हा ड्रायव्हरवाल्यांनी आपल्या कार्डाच्या स्मृतीला लेखनबंदीचे कुलूप लावलेले होते, आणि खरे कारण सापडताच काही दिवसांत आलेल्या २.६.२७.१ मध्ये ती सोय बंद करण्यात आली. दोष दुसऱ्याचा आहे हे सिद्ध होईपर्यंत कुणी थांबले नाही, हे मला विशेष वाटते. आमच्याकडे आधी जबाबदारी निश्चित होते, मग दुरुस्ती. आणि जबाबदारी निश्चित होईपर्यंत चौकशी अधिकारी निवृत्त होतो.

तरीही नकार देणे पूर्णपणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. आणि यादृच्छिक पत्ता देणे हा निर्दोष उपाय आहे असेही नाही. त्या काळच्या लिनक्समध्ये कार्डाच्या पत्त्यावरून त्याचे नाव कायम करण्याची पद्धत होती. दर वेळी यंत्र सुरू होताना पत्ता नवा, म्हणून प्रणालीला वाटे नवे कार्ड आले. कालचे ईथ० आज ईथ१, उद्या ईथ२. आठवड्याभरात नियमांच्या फाइलमध्ये कधीच अस्तित्वात नसलेल्या सात कार्डांची नोंद. तात्पुरती व्यवस्था तात्पुरती आहे हे पुढच्या टेबलाला कळले नाही, की ती कायमची समस्या बनते. म्हणून २०१० मध्ये कर्नलने प्रत्येक पत्त्याबरोबर तो कसा आला याचीही नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्यासाठी आरंभी तीन प्रकार ठरवले: कायमचा, यादृच्छिक आणि दुसऱ्या उपकरणाचा घेतलेला. वापरकर्त्याने बसवलेला हा चौथा प्रकार नंतर आला. तिसऱ्या प्रकाराला त्यांनी सरळ 'चोरलेला' असेच नाव दिले आहे. आता वरच्या थराला निर्णय घेता येतो, की यादृच्छिक पत्त्यावर कायमचे नाव बेतायचे नाही.

फेब्रुवारी २०१२ मध्ये एक सलग स्वच्छतामोहीम झाली. एकेक ड्रायव्हर घेऊन, जिथे तपासणी नव्हती तिथे ती घातली गेली, जिथे मोघम संकेत होता तिथे नेमका घातला गेला, आणि जिथे यादृच्छिक पत्ता दिला जात होता तिथे तशी नोंदही होऊ लागली. यातील एकेक दुरुस्ती दोन-चार ओळींची आहे. असल्या कामाचा कुणी गौरव करत नाही. आणि २०२१ पासून पुढची पायरी घेतली गेली: ड्रायव्हरांनी पत्त्याच्या जागेवर थेट लिहायचेच नाही, एका सामायिक फलनामार्फतच लिहायचे. शेकडो ठिकाणी बदल करून झाल्यावर ती जागा ड्रायव्हरांपुरती फक्त वाचण्याजोगी करण्यात आली. म्हणजे जे काम आधी प्रत्येकाच्या सद्बुद्धीवर सोपवलेले होते, ते रचनेनेच सक्तीचे झाले. क्रम लक्षात घ्यावा. आधी सर्वांची जुनी खाती नीट करून दिली, मग कुलूप लावले. आम्ही नेमके उलट करतो: एक तारखेपासून नवे पोर्टल सक्तीचे, आणि जुन्या नोंदी जमतील तशा.

हे सारे चेन्नईशी कसे जोडलेले आहे ते आता सांगतो. २००५ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने मुक्त आज्ञावलींसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र स्थापन झाले. सी-डॅकचे चेन्नई केंद्र आणि अण्णा विद्यापीठाच्या क्रोमपेट येथील आवारातले एयू-केबीसी संशोधन केंद्र त्यात सहभागी होते. सी-डॅक चेन्नईने डेबियनच्या पायावर बॉस ही भारतीय प्रणाली तयार केली, ती २००७ मध्ये आली. त्याच सुमारास तमिळनाडू शासनाच्या एल्कॉट या महामंडळाने आपल्या कार्यालयातील संगणक सुसे लिनक्सवर नेले. तेव्हा त्याचे व्यवस्थापकीय संचालक भारतीय प्रशासन सेवेतील सी. उमाशंकर होते. २०११ मध्ये राज्याने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्यास आरंभ केला, तेव्हा सुरुवातीच्या यंत्रांवर विंडोजच्या जोडीला बॉसही घातलेले होते.

या प्रयत्नांचे मूल्यमापन करण्याची ही जागा नव्हे. पण अशा प्रयत्नांविषयी सरकारी कार्यालयांत जे वाक्य हमखास ऐकू येते, ते 'लिनक्सवर नेट चालत नाही' हे आहे. हे वाक्य उच्चारणारा खोटे बोलत नाही. त्याच्या टेबलावर ते खरोखरच चालत नसते. परंतु एका बिटाचा दोष संपूर्ण धोरणाच्या खाती जमा होतो. मग त्या कार्यालयातला एखादा हुशार तरुण एक छोटी फाइल लिहितो, यंत्र सुरू होताना तिने पत्ता हाताने बसवावा अशी तजवीज करतो, आणि नेट चालू होते. सर्वजण त्याचे कौतुक करतात. दोन वर्षांनी त्याची बदली होते, प्रणालीची नवी आवृत्ती येते, फाइल पुसली जाते, आणि ते वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागते.

त्या तरुणाने तीच दुरुस्ती कर्नलच्या मूळ प्रवाहाकडे पाठवली असती तर काय झाले असते? ती तिथे चार जणांनी तपासली असती, कदाचित दोनदा परत पाठवली असती, शेवटी स्वीकारली असती. तिथून ती डेबियनमध्ये, डेबियनमधून बॉसमध्ये, आणि त्या कार्डाच्या जगातल्या प्रत्येक यंत्रात पोचली असती. पण आपल्या सेवानियमांत त्याच्या या कामाला जागा कुठे आहे? बाहेरच्या लोकांना पत्र लिहायचे तर परवानगी कुणाची, कार्यालयाच्या वेळेत ते करायचे की नाही, स्वतःच्या नावाने करायचे की कार्यालयाच्या, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्या वरिष्ठाकडे नसते. मी केंद्र सरकारच्या सेवेत अनेक निविदा समित्यांवर बसलो आहे. तिथे प्रोसेसरचा वेग, स्मृतीचा आकार, वॉरंटीची वर्षे यांवर तासन्‌तास चर्चा होते. या यंत्रातील प्रत्येक भागाचा ड्रायव्हर कर्नलच्या मूळ प्रवाहात आहे काय, आणि खोक्यावरचा पत्ता व यंत्राने सांगितलेला पत्ता एकच आहे काय, हे दोन प्रश्न विचारायला दोन ओळी पुरतात. दुसरा प्रश्न तर माल ताब्यात घेताना शिपाईसुद्धा तपासू शकेल. माझी सूचना अशी आहे, की या दोन ओळी अटींमध्ये घालाव्यात, आणि मूळ प्रवाहात स्वीकारली गेलेली दुरुस्ती ही तांत्रिक कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात कामगिरी म्हणून नोंदली जावी.

हेच सूत्र यंत्रांपुरते ठेवण्याचे कारण नाही. परप्रांतात राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना पत्त्याच्या तपासणीचा अनुभव यंत्रांपेक्षा कमी नाही. संकेतस्थळावरचा अर्ज घरक्रमांकात तिरपी रेघ घेत नाही. जुना आणि नवा असे दोन क्रमांक लिहावेत तर रकाना पुरत नाही. नावाचेही तेच. आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली त्रिपदी अर्जाच्या चौकटीत चपखल बसते, म्हणून आपल्याला जाणवत नाही. पण ज्याला आडनावच नाही आणि ज्याच्या नावापुढे वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर आहे, त्या तमिळ माणसाला 'आडनाव अनिवार्य' या लाल अक्षरांपुढे काय भरावे कळत नाही. तंजावरच्या मराठ्यांपैकी अनेकांनी ही तमिळ रीत केव्हाच उचलली, त्यामुळे तेही या रांगेत उभे आहेत. तपासणी लिहिणाऱ्याने आपल्या गावची रीत हा सर्वांचा नियम मानला, आणि चुकीचा खर्च अर्जदाराच्या माथी गेला.

अशा अर्जांतून नापास झालेल्या माणसाला आज दोनच वाटा उरतात: परत जाणे, किंवा काहीतरी खोटे पण वैध दिसेल असे भरणे. दुसरी वाट घेणारेच अधिक. नात्यातल्या कुणाचा, मालकाचा, गावाकडचा पत्ता घालून ते मोकळे होतात, आणि आमच्या दप्तरात ती नोंद शंभर टक्के वैध म्हणून बसते. पत्त्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा: हा पत्ता कायमचा आहे, तात्पुरता आहे, दुसऱ्याचा घेतलेला आहे, की कार्यालयाने नेमून दिलेला आहे. चारांपैकी काहीही लिहिले तरी अर्ज स्वीकारला जाईल, असे त्याखाली छापावे. तात्पुरता किंवा घेतलेला असे लिहिणाऱ्यांची यादी दर तिमाहीत जिल्हा पातळीवर पाहिली गेली, तर कोणत्या वस्तीत दारांना क्रमांकच नाहीत आणि कोणत्या वस्तीत घरमालक भाडेकराराची पावती देत नाहीत, हे महापालिकेला अर्जांवरूनच कळेल.